डोमाजी वाढईचे आठ झरोके

डोमाजी वाढईवर एका ठेकेदाराने खोटा आळ घेतला, आणि त्या वेळी मी ठेकेदाराच्या बाजूने बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शहाणा समजणार नाही.

डोमाजी आरमोरीजवळच्या खेड्यातला सुतार. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. कुणाच्याही घरी कामाला आला की तो दारात चपला काढायचा आणि डोळे मिटून सगळ्या खोल्यांतून चालायचा. माझ्या घरी तसा चालला तेव्हा मला वाटलं, मजुरी वाढवायचं नाटक आहे. मी तसं तोंडावर म्हणालो.

"नाई जी," तो म्हणाला, "डोळे वरचा रंग पाह्यते. लाकडाचं खरं पायाले समजते."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो थांबला, टाच दोनदा दाबली. "इथी तुळई गेली." त्याने फळी उचलली. तुळईचं टोक भिजल्या भाकरीसारखं त्याच्या हातात आलं.

हे घर मी एका जुन्या लाकूडव्यापाऱ्याच्या वारसांकडून घेतलं होतं. सायकलवर गावोगाव हिंडून चारोळी आणि मोहफुलं गोळा करत मी वर आलो. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही, आणि या घराच्या सौद्याचा मला फार गर्व होता. दोन फूट उंच जोतं, त्यावर तुळया, तुळयांवर सागवानी फळ्या आणि खाली मोकळी पोकळी. ज्याच्या घरचं सागवान, तो फरशी कशाला घालेल?

त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून जोत्यात आठ झरोके होते. पण आमच्या जंगलपट्टीत भोक दिसलं की माणसाला आधी साप आठवतो. जुन्या मालकांनी आठही झरोक्यांत विटा आणि पोती कोंबली होती. डोमाजीने ती ओढून काढली तेव्हा माझी बायको कुंदा ओरडली, "अन् मण्यार घुसली तं?"

"बाई, सापाले जाळी लावतो ना मी. हवेले नोका अडवू. हवा बंद झाली का घर पोटातून सडते."

फळ्या काढून जमीन वीस दिवस उघडी ठेवा, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, बारा.

"भाऊ, माह्यासंग भाव करून राह्यले तुम्ही. वल्लं लाकूड कोणाचं आयकते?"

शेवटी पंधरा दिवसांवर ठरलं. तो रोज सकाळी येऊन तुळयांवर तळहात ठेवून बघायचा. सडलेली टोकं कापली, नवे तुकडे जोडले, त्यांना डांबर लावलं, खाली दगड दिले. टोक आणि भिंत यांच्यात दोन बोटांची जागा सोडली. "लाकडाले भिंतीची गळाभेट नोको जी. भिंत रडते अन् लाकूड वल्लं होते." आठही झरोक्यांना लोखंडी जाळ्या बसवल्यावर त्याने मला अंगणात पोटावर झोपायला लावलं. "पाहा, त्या बाजूचा उजेड दिसते का." दिसला. कुंदा हसली, "बाप्पा, इतक्या वर्षांत यायले जमिनीवर लोळवणारा पह्यलाच माणूस."

पुढच्या वर्षी व्हरांड्यात खरंच मण्यार निघाली. मी धानखरेदीच्या गडबडीत बाहेरगावी होतो. अंगणात सिमेंटच्या विटा बसवायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. फोनवर म्हणाला, "शेठ, सापाचा बंदोबस्त करून टाकला." मी शाबास म्हणालो. कसा केला, ते विचारलं नाही. परत आलो तेव्हा अंगण हातभर उंच आणि झकास दिसत होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या, घरभर कुबट वास सुटला. ठेकेदाराने येऊन बुटाने फळी ठोकली. "म्हाताऱ्याने कच्चं लाकूड घातलं शेठ. हे सगळं काढा, मुरूम भरा, टाइल्स बसवून देतो." मला ते पटलं. वीसचे पंधरा दिवस मीच केले होते, तरी पटलं. माझी चूक दुसऱ्याच्या नावावर जात असेल तर मला लवकर पटतं.

बाजाराच्या दिवशी लोखंडाच्या दुकानासमोर मी डोमाजीला गाठलं आणि शंभर माणसांत चोर म्हणालो. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "भाऊ, एक फळी काढून पाहा. खालचं पाहून मंग बोला." मी म्हणालो, तुझं पाहून झालं आहे. त्याने पिशवी उचलली आणि गेला.

त्यानंतर त्याला कुणी घरचं काम दिलं नाही. साठी ओलांडलेला तो माणूस चंद्रपूरकडे एका इमारतीवर सेंट्रिंगच्या कामाला गेला. तिथे पायाखालची फळी तुटली. तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि गेला.

मला ते कळलं तेव्हा मी फक्त "अरेरे" म्हणालो. दोन महिन्यांनी टाइल्सचं ठरलं. सागवान ठेकेदाराच्या हाती भंगारात जाऊ नये म्हणून फळ्या मी स्वतः उपटायला बसलो. पहिली फळी निघाली आणि मी पोटावर झोपून आत डोकावलो. भर दुपारी आत मिट्ट काळोख. बॅटरी मारली. तुळयांवर पांढरी बुरशी, थेंब लोंबत होते. आणि आठही झरोक्यांत डोमाजीच्या जाळ्या जागच्या जागी होत्या. बाहेरून दाबलेलं सिमेंट त्यांच्या भोकांतून शेवेसारखं आत आलं होतं आणि तसंच वाळलं होतं.

मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मैनाबाई जात्याजवळ बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्याले माहीत होतं. झरोके बुजवत होते तवा तो तिकडून येऊन राह्यला होता. ठेकेदाराले बोल्ला, नोका बुजवू, भाऊचं घर सडते. तो हासला, म्हने बुढ्या, तुह्या जमान्यातलं सांगू नोको."

मी माफी मागितली. ती उठली नाही.

"बजारात चोर म्हनलं ना भाऊ? मंग माफी घरात येऊन काऊन मांगता?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तिथी बूट घालाले लावत. पाय उघडे असते तं त्याले फळी समजली असती."

पुढच्या बाजाराला मी त्याच दुकानासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की डोमाजी चोर नव्हता, मी खोटं बोललो. काही जण हसले. एकाने विचारलं, "शेठ, सकाळीच घेतली का?" ठेकेदार पलीकडे मोटारसायकलवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं, किक मारली आणि निघून गेला.

माझा हिशोब माझ्याजवळ आहे, तो मी मरेपर्यंत भोगीन. पण ठेकेदारा, तुला सांगणारा माणूस समोर उभा होता. तुला कळत होतं, तरी तू सिमेंट दाबलंस, आणि वर त्याच्याच लाकडाला नावं ठेवलीस. का? माझ्या घरी येऊन उत्तर देऊ नकोस, मला ते ऐकायचं नाही. बाजाराच्या दिवशी ये. लोखंडाच्या दुकानासमोर उभा राहा आणि मैनाबाई भाजी घ्यायला येते, त्या वेळी तिच्या तोंडावर सांग.