फुटलेले कागद आणि मामांचा आवाज

जगात गुप्त असं काही उरू नये म्हणून अकोल्यात एकच गृहस्थ जिवाचं रान करत होते, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. मामा नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुठल्याशा देशाच्या हेरखात्याचे कागद फुटले, शेजारच्या देशात मंत्री कोण व्हावा हेसुद्धा तेच खातं ठरवतं असं त्यातून उघड झालं, तेव्हा त्या दोन्ही देशांत झाली नसेल एवढी खळबळ मामांच्या बैठकीत झाली. शब्दकोश घेऊन त्यांनी सगळं एका वहीत मराठीत उतरवलं. रेशनकार्डावर मामींचं नाव लग्नापासून चुकलेलं होतं. ते दुरुस्त करायला मात्र सवड नव्हती.

मग भेटेल त्याच्यासमोर वाचन सुरू झालं. मोर्शीच्या एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन एका फितूर सल्लागाराचं प्रकरण पुरं केलं. दातांच्या दवाखान्यातले रुग्ण त्यांना विशेष आवडत. आ वासलेला माणूस मध्ये बोलत नाही. मला म्हणायचे, "जावईबापू, देश त्यायचा अन् कारभार शेजारी चालवून राह्यला! काहून कोणी काही बोलत नाही?" मला बोलायला जागाच नसे.

एकदा मामांचा घसा बसला. आम्ही मनातून सुखावलो. तो महिनाभर बसलेलाच राहिला, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी गाठ दाखवली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मामांनी उशाखालून वही काढली. "दोन प्रकरणं उरली हायेत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. नर्सबाई थांबवायला आल्या, तर मामी आडव्या आल्या. "वाचू द्या त्यायले."

वाचून संपलं. इतक्या वर्षांत मामींनी पहिल्यांदा शंका विचारली, "अहो, तिथल्या लोकायले मालूम नव्हतं का, आपलं घर दुसरंच कोणी चालवते म्हणून?"

"सगळ्यायले मालूम होतं," मामा म्हणाले. "फक्त कागद नव्हता."

मामांच्या आवाजातलं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

परवा आणखी कुठले तरी कागद फुटले. मामांनी ते उतरवले आणि मामी मोठ्याने वाचायला बसल्या. परदेशी नावांशी अडखळतात त्या. अडखळल्या की मामांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघतात, आणि नाव बरोबर म्हणतात.