ब्रेकफास्टआधीची गोळी

टेंभुर्णीहून सकाळी सातला निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी अण्णा, माझे वडील, वय ऐंशी. जांब समर्थला दर्शन होईस्तोवर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा त्यांचा नेम. गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवू दिला नाही. "खायचं जवळ असलं की जीव तिथंच घुटमळतो," म्हणाले.

अंबड मागं पडलं, मोसंबीच्या बागा लागल्या. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, गप्प बसवत नाही. म्हटलं, अण्णा, ब्रेकफास्ट म्हणजे नुसती सकाळची न्याहारी नव्हे. ब्रेक म्हणजे मोडणं, फास्ट म्हणजे उपास. रात्रभराचा उपास सोडणं, हा मूळ अर्थ. आणि डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्याही मुळाशी उपास सोडणंच आहे.

"मंग त्या लोकाईचा उपास दिवसातून दोनदा सुटतो म्हणायचा," अण्णा म्हणाले.

मी हसले, आणि एकदम आठवलं. निघताना मी त्यांना शुगरची गोळी दिली होती. चिठ्ठीवर लिहिलंय, ब्रेकफास्टआधी. मी घड्याळ पाहिलं आणि गोळी हातावर ठेवली. आज ब्रेकफास्ट होणारच नाही, हे या शहाण्या बाईच्या डोक्यातच आलं नाही.

वडीगोद्रीत गाडी थांबवली, दूध आणलं. अण्णांनी ग्लासाला हात लावला नाही. "नेम म्हंजी नेम. चल जल्दी." मी हट्ट सोडला, ही दुसरी चूक. पुढं आडरस्त्याला चाक पंक्चर झालं, आणि स्टेपनीतही हवा नव्हती.

दहा मिनिटांत अण्णांचा सदरा घामानं भिजला. बोटं थरथरू लागली. माझ्याकडं बघून म्हणाले, "इंदू, दार लाव." इंदू माझी आई. तिला जाऊन सहा वर्षं झालीत. मी इतकी घाबरले की मला गाडीच्या दाराचं हँडल सापडेना.

बांधापलीकडं आखाडा (शेतातली राहायची जागा) होता. तिथं एक बाई भांडी घासत होत्या. "मावशी, काही गोड द्या, वडिलांची साखर उतरलीय." त्या गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. अण्णांनी दात आवळले. "दर्शन झालं न्हाई अजून." मी त्यांचा जबडा उघडायला गेले, तर मावशींनी मला मागं ओढलं.

"असं न्हाई व्हायचं, ताई."

त्या बांधावरच्या शेंदूर फासलेल्या म्हसोबाला गूळ टेकवून आल्या. "बाबा, देवाचा परसाद हाय. परसादाला न्हाई म्हन्ता का?"

लेक ओळखू येत नव्हती, पण हात आपोआप जुळले. अण्णांनी तोंड उघडलं. मी खडा जिभेवर ठेवला, मग गुळाचं पाणी घोट घोट पाजलं, जरा वेळानं दुधात कुस्करलेली भाकरी भरवली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, "आपण कुठं आल्तो गं?" मी रस्त्यावरच रडले.

एका जीपवाल्यानं चाक नीट करून आणलं. दुपारी दर्शन झालं. मला देवापुढं काही मागता आलं नाही, नुसते हात जोडले. एका शब्दाचा अर्थ पोरांकडून इतकी वर्षं घोकून घेतला, आणि स्वतःच्या घरात तो मला कळला नव्हता.

घरी पोचलो तोच धाकट्या भावाचा पुण्याहून रोजचा फोन. "ताई, अण्णांचा ब्रेकफास्ट झाल्ता ना वेळेवर? गोळी असते."

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी फोन काढून घेतला.

"झाल्ता की. ताईनंच भरवला. गोळीबी मीच मागून घेतल्ती."

गोळीची चूक मी त्यांना अजून सांगितलीच नव्हती.