सहा फोटोंचा फोन

आईच्या फोनची काच पुसताना दिसलं, कुसुममावशींच्या फोटोवर अंगठ्याचा तेलकट डाग सगळ्यांत दाट आहे. आईला हल्ली नावं-नंबर आठवत नाहीत, म्हणून मी हा फोन आणला. त्यावर आकडे नाहीत, तिच्या भजनी मंडळातल्या सहा मैत्रिणींचे फोटो आहेत. फोटो दाबला की फोन लागतो.

बनवणाऱ्याने बारीक विचार केलाय. थरथरतं बोट दोनदा टेकलं तरी फोन एकदाच जातो. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा आला तर पलीकडच्याने काय करायचं, याची सोय त्यात नाही. महिनाभर सगळ्या उचलायच्या. मग एकदा जिन्यात कुसुममावशी मला म्हणाल्या, "अरे, तेच ते किती वेळा सांगायचं? भजनातही मध्येच भलतंच कडवं धरते. आता घरीच बरी ती."

राग आला. पण ऑफिसात आईचा फोन वाजला की मीही मोबाइल पालथा घालतोच.

आज मंगळवार, भजनाचा वार. इस्त्रीची साडी नेसून, झांजांची पिशवी मांडीवर घेऊन आईने सहाही फोटो दाबले. सहाही वेळा नुसती रिंग वाजत राहिली.

"कुणीच उचलत नाही?" मी विचारलं.

"कशा उचलतील? भजनाला बसल्या असतील. तेव्हा फोन घ्यायचा नाही, हा नियम माझाच."

मग पिशवीची नाडी आवळत, त्यांची बाजू घेत म्हणाली, "मला बोलवायचं विसरल्या असतील रे. वयं झाली त्यांची."