वहिनीला दाखवलेलं थडगं

दादा-वहिनी अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला माझ्याकडे आले ते २००६ साली. वहिनी आदल्याच वर्षी चीनची टूर करून आली होती. सम्राटाचं थडगं, त्याच्या राखणीला पुरलेले मातीचे सैनिक, हे पुराण आल्या दिवसापासून जेवताना, चहाला, अगदी भांडी पुसतानाही चालू होतं. आमच्याकडून थोड्या अंतरावर हायवेलगत एका हौशी माणसाने त्याच थडग्याची प्रतिकृती मांडली होती. उघडा माळ, कमरेएवढे सैनिक. मी ऑगस्टातली रणरणती दुपार निवडली. मुद्दाम.

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मला तेराव्यानंतर कळवलं गेलं. फोन वहिनीचा होता. "तुझ्या व्हिसाचा घोळ, उगाच कशाला जिवाला घोर?" तेव्हापासून दादाही तुटक बोलायचा. त्याला लाज वाटत असेल, असं मी धरून चालले होते.

"चक्कर येतेय गं," सैनिकांच्या रांगेपाशी थांबून वहिनी म्हणाली.

"अजून तो सगळा कोपरा राहिलाय. तुम्हाला आवडतं ना?"

ओढणीने वारा घेत ती म्हणाली, "काही म्हण, मेलेल्या माणसाचा मान कसा राखावा, ते यांच्याकडून शिकावं."

"या सम्राटाच्या लेकीला वेळेवर कळवलं होतं का हो? की तिच्याही व्हिसाचा घोळ होता?"

दादा गर्रकन वळला. "टोमणे कसले मारतेस? मी स्मशानात होतो, हिने तुला लगेच फोन केला. तूच म्हणालीस, जमणार नाही."

"मला तेराव्यानंतर कळलं, दादा."

तो वहिनीकडे बघत राहिला. "तू तर म्हणालीस..."

"तिच्या भल्यासाठीच केलं मी. एवढ्या लांबून धावपळ..."

"आणि मी चार वर्षं हिला नावं ठेवतोय. सगळ्या नातेवाइकांत!"

वहिनीने पाणी मागितलं. बाटली माझ्या पर्समध्ये होती. मी ती दादाच्या हातात दिली.

आठवड्याने ते निघाले. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, सगळं मी आधीच आणून ठेवलं होतं. सवाष्णीला ओटी न भरता घरातून कोणी पाठवत नाही. वहिनी देवापाशी जरा रेंगाळलीसुद्धा. मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "चला, ट्रॅफिक लागेल." दादाने बॅगा उचलल्या.

त्या नारळाची मी दुसऱ्या दिवशी चटणी केली. चांगली झाली होती.