रुमालमास्तर

मला माणसांत आणायची खटपट ज्यांनी केली, त्यांचं नाव आधी सांगतो. कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कारखान्यात सगळे त्यांना रुमालमास्तर म्हणत. मूळचे अमरावतीकडचे. जयपूरच्या छावणीतल्या लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तिथल्याच आमच्या हातपंपांच्या कारखान्यात साहेबलोकांना आणि फोरमनना ‘माणसं कशी सांभाळावीत’ हे शिकवायला मोठ्या शेठजींनी त्यांना आणलं होतं.

पहिल्याच दिवशी ते माझ्या खात्यात आले, खिशातून पांढरा रुमाल काढला, दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि भोमारामला म्हणाले, “भैया, जरा गाँठ लगा दो.” भोमाराम आमेरहून बसनं येणारा, खात्यातला सर्वांत जुना फिटर. त्यानं हसत गाठ मारली. मग मास्तर तासभर तसेच उभे राहून त्याचं काम बघत राहिले. नाकावर माशी बसली की नुसती मान झटकायचे.

मी विचारलं, “मास्तर, हात नुसते मागं धरले तर चालणार नाही का?”

“नाही बाप्पा. नुसते धरलेले हात कधी पुढं येतात, ते आपल्याला कळत नाही.”

हा टोला मलाच होता. मी सांगलीकडचा, सहावीत शाळा सोडलेला. हातात कसब होतं म्हणून फोरमन झालो, आणि तिथंच घोटाळा झाला. लोखंड घासताना कुणाची कानस जरा तिरकी चालली की मला राहवायचं नाही. मी ती हिसकावून घ्यायचो आणि काम स्वतः पुरं करायचो. भोमाराम तर मी नुसता जवळ गेलो तरी कानस पुढं करायचा, “ल्यो मिस्त्रीजी, आप ही घिस ल्यो.” बावीस माणसं हात बांधून उभी आणि मी एकटा घामानं निथळतोय, असं माझं खातं चाले.

शनिवारी भोंगा झाला की कँटीनमध्ये मास्तरांचा वर्ग भरे. पदवीवाले साहेब पुढं बसत, मी दाराशी. मास्तर भाषण देत नसत. एकेका साहेबाला कामगाराच्या हाताखाली अर्धा तास कानस चालवायला लावत. स्टोअरचे माथुरसाहेब एकदा चिडून म्हणाले, “मास्तरजी, हमें अफ़सर बनाओगे कि लोहार?” मास्तर म्हणाले, “साहब, लोहार बन गए तो समझो अफ़सरी का आधा काम हो गया.” सगळे हसले. पुढच्या शनिवारपासून माथुरसाहेब आलेच नाहीत. मग त्यांच्या मागून आणखी तिघे.

मला मात्र मास्तर जेवणाच्या सुट्टीत वेगळं बसवत. “जाधव, तुम्ही कानस का हिसकावता, माहीत आहे? तुम्हाला सांगता येत नाही म्हणून. शाळा लवकर सुटली, तेव्हापासून तुम्ही हातानं बोलता.” मला रडूच आलं. त्यांनी ते पाहिलंच नाही असं केलं आणि कानस उचलली. “मला काही येत नाही. सांगा.”

“कानस धरा.”

त्यांनी पात्याकडून धरली.

“अहो, उलटी!”

“तुम्ही कुठं सांगितलं?”

मूठ, अंगठा, कोपर, पाय किती अंतरावर, जोर कधी द्यायचा, परत आणताना कधी सोडायचा. मी सांगेन तेवढंच ते करत. चुकीचं सांगितलं तर अगदी मन लावून चुकीचं करत. दोन महिन्यांत मला बोलता यायला लागलं. एक दिवस भोमाराम आपणहून म्हणाला, “मिस्त्रीजी, ये बैठक लीक क्यों करती है, मैं एक बात सोच रहा था.” पंपाची झडप जिच्यावर टेकते त्या बैठकीबद्दल अकरा वर्षांत त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. आणि त्याचं खरं निघालं.

मग मोठे शेठजी आजारी पडले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, छोट्या शेठकडं आला. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ते स्वतः बघून ठरवणार होते. मास्तरांनी त्यांना माझ्याच खात्यात आणलं. आदल्या दिवशी मला म्हणाले होते, “उद्या तुम्ही काही करू नका. तेवढंच करायचंय.”

भोमारामनंच माझ्या हाताला रुमाल बांधला. त्यानं बैठक घासायला घेतली. समोर शेठ उभे, त्यामुळं तो घाईनं घासायला लागला. कानस एकदा घसरली. शेठनी घड्याळाकडं पाहिलं. भोमारामनं श्वास घेतला, पुन्हा पाय नीट रोवला. त्याला मिनिटभर दिलं असतं तर त्यानं केलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त ते घड्याळ दिसत होतं. रुमाल कसा सुटला ते मला आठवत नाही. कानस माझ्या हातात होती. बैठक मी आरशासारखी केली.

“वाह!” शेठ म्हणाले. “एक आदमी काम जानता है, बाकी सब तमाशा.” वर्ग त्या दिवशी बंद झाला. भोमाराम माझ्याकडं न बघता हात पुसत राहिला.

मी मास्तरांसमोर तोंड वर करू शकलो नाही. ते म्हणाले, “गाठ सैल राहिली असेल, जाधव. मी तपासायला हवी होती.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तर अमरावतीला परत निघाले, तेव्हा स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. गाडी लागली तसा मी त्यांच्या हातातली वळकटी ओढून घेतली. ते हसले, “बघा. परत.”

त्यानंतर भोमाराम मला कधी काही विचारायला आला नाही. मी जवळ गेलो की कानस पुढं करायचा, ‘ल्यो मिस्त्रीजी’सुद्धा म्हणत नसे. अमरावतीला मी दोन पत्रं घातली, दोन्ही परत आली. साहेब बदलले, नवे आले, तेही घड्याळ बघतात. मला मात्र सगळे उत्तम कारागीर म्हणतात. आणि माझ्या हाताखाली एकही तयार झाला नाही.

मास्तर, तुम्ही असाल तिथं ऐका. अजून माझी चार वर्षं नोकरी आहे. हात अजून पुढं जातात. पण निदान एका माणसाचं एक काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बिघडलं तरी, मी त्याच्याच हातात राहू देईन. गाठ घट्ट बांधून घेईन. तुमचं देणं तेवढ्यानं फिटणार नाही, पण सुरुवात तिथूनच करीन.