अण्णा जेवायला जायचे तेव्हा

बातमी आली तेव्हा मी कल्याणला एका भातगिरणीत जमिनीवर उताणा पडून पुलीखालचे बोल्ट आवळत होतो. अण्णांच्या चाळीतले एक शेजारी ठाण्याहून गाडीने मला शोधत आले होते. वाकून म्हणाले, "सदूभाऊ, अण्णा गेले सकाळी. वहिनींनी तुम्हाला बोलावलंय." मी "आलो" म्हणालो आणि राहिलेले दोन बोल्ट आवळून मगच बाहेर आलो. त्या गृहस्थांना ते फार लागलं. नंतर त्यांनी चाळीत चौघांना सांगितलंही, की माणूस गेला तरी ह्याचा पाना काही हातातून सुटेना. सांगू देत. त्या दोन बोल्टांपलीकडे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, हे त्यांना कुठून कळणार?

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रविवारच्या पेपरासाठी अण्णांबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलो होतो, पण जे लिहायला हवं ते वेगळंच आहे, आणि ते माझ्याबद्दल फारसं चांगलं नाही.

आम्ही दोघं पूर्वी मुंबईत एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, मी त्यांच्याच हाताखाली लेथवर लोखंड कातायला शिकलो. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ठाण्यात चरईच्या बाजूला एक पत्र्याची शेड घेतली, जुने दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन बसवलं, आणि मला म्हणाले, "चल रे सदू, आता आपल्या मनासारखं लोखंड कातू." मनासारखं म्हणजे एकसारखे शंभर नग नव्हे. आमच्याकडे यायचं ते मोडलेलं, झिजलेलं, ज्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही असं काहीतरी. डोंबिवलीच्या छापखान्याचं दात पडलेलं चाक, कुणाच्या विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट, घाण्याचा आस. लोक फडक्यात गुंडाळून आणायचे, आजारी पोर आणावं तसं.

बाळकुमचा एक शेतकरी एकदा खाडीच्या बांधावरच्या उघाडीचा आट्याचा दांडा खांद्यावर टाकून आला. उघाडी म्हणजे खारं पाणी अडवायची झडप, ती या दांड्यावर वरखाली होते. "अण्णा, ह्यो फिरतच नाय. पानी शेतात शिरतंय," तो कळवळून म्हणाला. अण्णांनी दांडा हातात घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मोडला कसा ते आधी सांग. माप मग घेऊ." मग त्याच्याबरोबर पायी बाळकुमला गेले, झडप डोळ्यांनी पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दांड्याचा दोष नाही रे, चौकट वाकलीय. नुसता दांडा दिला असता तर तोही महिन्यात गेला असता." असा माणूस. गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक, मला मात्र अख्खा दिवस फुकट गेल्याचा राग. मी तसाच आहे, चटकन तापणारा. अण्णा हसून सोडून द्यायचे.

शेड सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील. एका पंपाचा शाफ्ट अण्णांनी कातून ठेवला आणि ते घरी जेवायला गेले. मी डबा आणायचो, त्यामुळे शेडमध्येच असायचो. सहज म्हणून शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या कड्यात, घालून पाहिला, तर जाईना. मायक्रोमीटर लावला. पोस्टकार्डाच्या जाडीइतका जास्त होता. अण्णांचं माप चुकलं! मी दोनदा, तीनदा मोजलं. मग आठवलं की अलीकडे अण्णा मायक्रोमीटर माझ्यापुढे करून म्हणायचे, "आकडा वाच रे जरा, चष्मा विसरलो." चष्मा त्यांच्या नाकावरच असायचा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, त्यालाही कारण होतं. गिरणीत असताना एका जुन्या टर्नरची नजर अधू झाली, तर त्याला लेथवरून उठवून फाटकावर बसवलं होतं. येताजाता अण्णा त्याच्यापाशी थांबायचे आणि पुढे आलं की मला म्हणायचे, "माझ्यावर ही पाळी येऊ नये. लेथवरून उठलो की मी संपलो." म्हणून मी तो शाफ्ट गुपचूप माझ्या लेथवर चढवला, वरचा पापुद्रा काढला, बुशमध्ये सरकवून पाहिला आणि होता तिथे परत ठेवला. अण्णा आले, शाफ्ट उचलला, बुशमध्ये घातला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग ते पुढच्या कामाकडे वळले.

त्यानंतर हेच आमचं रोजचं झालं. पाच वर्षं. ते जेवायला गेले की मी त्यांनी कातलेले जॉब काढायचो, मोजायचो, दुरुस्त करायचो, जागेवर ठेवायचो. पूर्वी अर्ध्या तासात परतणारे अण्णा हळूहळू तासभर, कधी सव्वा तास लावू लागले. मला वाटायचं, वय झालं, लवंडत असतील. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटायचा. आपण एका थोर कारागिराची अब्रू राखतोय, त्याला कळूही न देता! मग अभिमानाला कंटाळा चिकटला आणि कंटाळ्याला चीड. माझं जेवण उभ्याउभ्या व्हायचं. बायको विचारायची, डबा अर्धा का येतो? मी तिच्यावरच खेकसायचो.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. डोंबिवलीचे छापखानेवाले सकाळपासून येऊन बसले होते. त्यांचं यंत्र बंद पडलं होतं आणि रुळाचा आस हवा होता. अण्णांनी तो कातला आणि त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवला. "जेवून येतो, मग न्या," म्हणाले. ते गृहस्थ वैतागले. "अहो, झालाय ना? मग द्या की! माझी माणसं तिकडे बसून आहेत." अण्णा नुसते घुटमळले. आणि मला काय झालं कोण जाणे… मी सगळ्यांदेखत ओरडलो, "झालेला नाही तो! अण्णा, पाच वर्षं तुमचा एकेक जॉब मी नीट करतोय. तुम्हाला दिसत नाही. आता पुरे करा, घरी बसा!"

लेथच्या पट्ट्याचा आवाज तेवढा चालू होता. अण्णांनी कापडाच्या बोळ्याला हात पुसले, एकेक बोट सावकाश. "बरं," म्हणाले. वहाणा घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत.

अडीच महिन्यांत मी त्यांच्याकडे एकदाच गेलो. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर दोन्ही हात उताणे. मी माफी मागायची म्हणून चरईपासून वाक्य जुळवत गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कामं आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत." त्यांनी विचारलं, "पट्टा सरकतो का अजून?" मी म्हणालो, "सरकतो." चहा झाला. मी उठलो. ते वाक्य तसंच घेऊन परत आलो आणि आता ते घेऊन जायला जागा उरलेली नाही.

दिवसवार झाल्यावर वहिनींकडे गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काचबिंदू होता यांना. डॉक्टरांनी फार आधीच सांगितलं होतं, गेलेलं परत यायचं नाही." त्या पुढे म्हणाल्या, "जेवण झालं तरी हे घड्याळाच्या काट्यांना डोळे लावून बसायचे. दिसायचं नाही, तर मला विचारायचे. मी म्हणायचे, जायचं तर जा की. तर म्हणायचे, थांब, सदूचं व्हायचंय अजून."

मला नीट कळलंच नाही. मी विचारलं, "माझं काय व्हायचंय?"

"शेवटचा हात फिरवायचा ना तुम्ही. हे म्हणायचे, बोटांची खात्री आहे तिथवर मी जातो, पुढचं राखून ठेवतो, ते सदू करतो. जास्त कातलं तर सगळंच भंगार." मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ते एवढंच बोलले, सदूला माझं ओझं झालं गं, मला आधीच कळायला हवं होतं."

मी बसल्या जागी पाच वर्षांचे जॉब आठवू लागलो. शाफ्ट असेल तर दरवेळी किंचित जाड, भोक असेल तर दरवेळी किंचित लहान. एकदाही उलट नाही. दिसत नाही म्हणून चुकणारा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. लेथवर आयुष्य गेलेल्या मला एवढं कळू नये? मी ज्याला त्यांची चूक समजून झाकत होतो, ती त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली जागा होती. त्यांच्या लेखी आम्ही दोघं मिळून एकच काम करत होतो, अगदी शेवटपर्यंत, जोडीनं. माझ्या लेखी मात्र मी एकटाच उपकार करत होतो.

वहिनींनी विचारलं, "तुमचं दोघांचं ठरलेलंच होतं ना तसं? हे म्हणायचे, न बोलता ठरलंय."

"हो, ठरलेलंच होतं," मी म्हणालो.

वहिनींना वाचता येत नाही, शेजारची मुलगी त्यांना रविवारचा पेपर वाचून दाखवते. आज तिनं हेही वाचून दाखवावं. वहिनी, मी खोटं बोललो. आमचं काही ठरलं नव्हतं, ते फक्त अण्णांनी ठरवलं होतं.

शेडमध्ये आता मी एकटाच असतो. जॉब मापाच्या जवळ आला, शेवटचा पापुद्रा तेवढा उरला, की माझा हात आपोआप मागे येतो. मी मशीन बंद करतो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसतो, कधी पाच मिनिटं, कधी बराच वेळ. मग आत येतो. जॉब होता तसाच असतो, पोस्टकार्डाइतका जाड.