उलटी पंगत

आष्टीत वसंता गवंड्याला ओळखत नाही असा माणूस शोधायचा, तर बाहेरगावचा पाहुणाच धरून आणावा लागेल. निम्म्या गावाच्या भिंतींना त्याचा हात लागलेला. ओळंबा लावल्याशिवाय वीट बसवायची नाही आणि तपकिरीची चिमूट ओढल्याशिवाय ओळंबा हातात घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. त्या तपकिरीनं काय घोळ घातला ते पुढे कळेलच.

पण गावात त्याचं नाव भिंतींपेक्षा जास्त निघतं ते उलट्या पंगतीमुळे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना झाली आणि सगळी भावकी वसंताच्या अंगणात जेवायला बसली. आधी बाप्ये, मग पोरंसोरं, शेवटी बायका, ही जगाची रीत. वसंता पोटभर जेवून पाणी प्यायला आत गेला. त्याची बायको कौसाबाई खिरीच्या रिकाम्या पातेल्यात तांब्याभर पाणी घालून ते विसळत होती. त्याला वाटलं, आता फेकून देईल. तिनं पातेलं तोंडाला लावलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. सकाळपासून ती खीर हलवणारी तीच.

"तुला न्हाई उरली?" त्यानं विचारलं.

"वासानंच पोट भरलं," ती म्हणाली आणि पातेलं राखेनं घासायला बसली.

वसंताला त्या दिवशी आपली ढेकर लाजिरवाणी वाटली. पुढच्या साली पौर्णिमेच्या आधी तो विहारात सगळ्यांसमोर उभा राहिला. "सुजातानं बुद्धाला खीर दिली, हे आपन दर साली सांगतो. सुजाताला कोनी वाढली, हे कधी इचारलं का?" मग यानंच नियम ठरवले. त्या दिवशी चूल बाप्यानं पेटवायची. बायकांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. पहिली पंगत बायकांची, आणि त्या उठेपर्यंत बाप्याच्या जिभेला खिरीचा थेंब लागायचा नाही, चव बघायलासुद्धा नाही.

"वसंता, आता लुगडं नेस!" पारावरून कोणीतरी ओरडलं.

"आन की, बराबर बसंल मला," हा म्हणाला आणि चुलीत फुंकर घालायला लागला.

आणि खीर कशी व्हायची? पातेलं दर साली बायकांच्या पंगतीतच रिकामं! कौसाबाई म्हणायची, "चांगली झाली." लेक सुमेधा मंठ्याहून मुद्दाम यायची, ती पुन्हा पुन्हा वाटी पुढे करायची. बाप्यांच्या वाट्याला वरणभात. वसंता मिशीवर हात फिरवत सांगायचा, "माझ्या हातची खीर उरतच न्हाई बिलकुल." त्या दिवशी सगळी भांडी बाप्येच घासायचे, फक्त खिरीचं पातेलं कौसाबाई ओढून न्यायची. "तेवढं एक मी घासते." जित्याची खोड, दुसरं काय, असं वसंता समजायचा.

यंदा मात्र घोडं अडलं. पौर्णिमा तोंडावर आलेली असताना बांधकामाच्या फळीवरून पाय घसरला आणि वसंताचा उजवा हात मोडला. उभ्या गावाला प्लास्टर करणाऱ्याच्या हाताला डॉक्टरनं प्लास्टर घातलं. भावकीतला एक म्हातारा समजावायला आला. "एक साल कौसाबाई करील खीर. काय बिघडतं?" कौसाबाई उठून पातेलं काढायला गेली. ते बघणं वसंताला मोडक्या हाताहून जास्त लागलं.

मुलगा राजानंद जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला. दर साली तो ऐन जेवणाच्या वेळी असा यायचा की आला, हातपाय धुतले आणि ताटं मांडायला लागला. चुलीशी त्याचं वाकडं. त्याचा फोन आला. "दादा, आचारी आनतो. खर्चा माझा. तुमी आरामात बसा."

"आचाऱ्यानं जेवन होईल, उलटी पंगत होनार न्हाई."

"बायकाच आधी बसतील ना? मंग फरक काय?"

"जी आपल्यासाठी रोज राबती, तिच्यासाठी आपन एक दिस राबायचं. ह्यो फरक. कळला तर ये."

फोन ठेवला आणि वसंताला भीती वाटली. आपण होतो म्हणून ही रीत होती. आपला हात गेला, की पातेलं पुन्हा कौसाबाईच्याच हातात.

पौर्णिमेच्या सकाळी पहिल्या गाडीनं राजानंद उतरला. सोबत बायको प्रीती, लग्नानंतरची तिची ही पहिलीच पौर्णिमा. आचारी काही दिसला नाही. राजानंदनं पँट दुमडली आणि तीन दगडांच्या चुलीसमोर बैठक मारली. लिंबाखाली खाटेवर बसून वसंता हुकूम सोडत होता. नवऱ्याची तारांबळ बघून प्रीती पळी घ्यायला उठली, तर सुमेधानं तिचा पदर ओढला. "बस वहिनी. आज आपलं काम बसायचं."

राजानंद लाकडं आणायला उठला तेवढ्यात खीर खाली लागली. घाईनं त्यानं बूड खरवडून खरवडून हलवलं आणि सगळा करपटपणा वर आणला.

बायकांची पंगत बसली. राजानंदनं पहिली वाटी आईपुढे ठेवली. कौसाबाईनं घास घेतला.

"लागली," ती म्हणाली.

राजानंदचं तोंड एवढंसं झालं. वसंता खाटेवरून उसळला. "पोरानं पह्यल्यांदा केली! चांगली झाली म्हनायला काय जातं तुझं? मी केली तवा तर लागली न्हाई कधी!"

सुमेधाला ठसकाच लागला. मग सगळी पंगत हसायला लागली.

"तुमची दर साली लागायची," कौसाबाई म्हणाली. "तपकिरीनं नाक गेलेलं तुमचं, तुमाला वास कुठला? तुमच्या जिभेवर येऊ नये म्हून आमी बायकाच संपवायचो. पातेलंबी म्हूनच घासू दिलं न्हाई."

वसंता खालीच बसला. वीस वर्षांची ऐट अशी भर अंगणात कोसळली. "मंग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले असते तर पुढच्या साली तुमी म्हनले असते, ये, जरा हलवून दे. मंग मी परत चुलीजवळ."

"आन आज कामून बोललीस?"

"याला अजून लई सालं करायची हाय. शिकू द्या."

वसंताचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

बाप्ये बसले तेव्हा पातेल्यात खीर शिल्लक होती. यंदा ती संपवायचं कोणाला कारणच नव्हतं. वसंतानं डाव्या हातात चमचा धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उलट्या पंगतीची खीर खाल्ली. चांगलीच करपट होती.

"कशी झाली, दादा?"

वसंतानं कौसाबाईकडे बघितलं. "चांगली झाली," तो म्हणाला आणि वाटी पुन्हा पुढे केली.

कौसाबाईचा हात सवयीनं पातेल्याकडे गेला. राजानंदनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"माय, सोड. मी घासतो."

ऊन कललं तरी तो नळापाशी घासतच बसला होता.